आधी पुस्तकांची यादी, मग ई-रीडर

पत्र : मी ६७ वर्षांची आहे, गुहागर तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. वाचायचा चष्मा आहे, पण बारीक टाइपाचं पुस्तक अर्ध्या तासाच्या वर वाचवत नाही. पावसात आमच्याकडे पुस्तकांना बुरशी येते, कपाटात कसर झाली आहे आणि लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, गणपतीला येताना ई-रीडर आणतो. नात म्हणते, आजी टॅब घे, त्यात सगळंच येतं. आमचे हे म्हणतात, हातात मोबाईल आहे तो काय वाईट आहे? मी वाचते ते मराठीच. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, अनुवाद आणि वाचनालयातून आणलेले दिवाळी अंक. यातलं काय घ्यावं? आणि खरं सांगू का, कागदाचं पुस्तक हातातून सुटेल याची भीतीही वाटते.

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा इथे रत्नागिरीत सकाळपासून झड लागली होती आणि मी कपाटातली पुस्तकं काढून पंख्याखाली पसरत होते. तेव्हा बुरशी आणि कसर यांबद्दल तुम्ही काय म्हणता ते मला पुरतं ठाऊक आहे. मी गेली आठ वर्षं ई-रीडर वापरते. पहिला घेताना एक चूक केली होती, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आधी यंत्र निवडलं आणि मग त्यावर काय वाचायचं ते शोधायला बसले. स्क्रीन केवढी, वजन किती, बॅटरी किती दिवस, याचा महिनाभर अभ्यास केला. यंत्र घरी आलं आणि मला वाचायच्या होत्या त्या पहिल्या तीन पुस्तकांपैकी एकही त्यावर मिळेना. दोन ई-पुस्तक म्हणून निघालीच नव्हती आणि तिसरं होतं ते दुसऱ्याच विक्रेत्याच्या ॲपमध्ये, जे त्या यंत्रावर चालत नव्हतं. इंग्रजी वाचणाऱ्याची अशी अडचण क्वचितच होते. आपली पहिल्याच दिवशी होते.

म्हणून मुलाला हो म्हणायच्या आधी वाचनालयात जा आणि तुमच्या नावावर गेल्या वर्षभरात नोंदलेल्या पुस्तकांपैकी शेवटची दहा कागदावर उतरवून आणा. कधीतरी वाचायची आहेत ती नकोत, खरोखर घरी नेऊन वाचलेली हवीत. त्या दहा नावांपुढे तीन रकाने आखा आणि कागदाचा फोटो मुलाला पाठवा. प्रत्येक नाव किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या, दुकानात आहे का, बुकगंगावर आहे का आणि फुकट मिळणाऱ्या पुस्तकांत आहे का, एवढं त्याने शोधायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. काय घ्यायचं ते त्या कागदावरूनच ठरेल.

पहिला रकाना किंडलचा. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्या जोडीने मराठी पुस्तकं किंडलवर आणली. मोठ्या प्रकाशकांच्या गाजलेल्या कादंबऱ्या आणि अनुवाद त्यावर बऱ्यापैकी सापडतात. लहान प्रकाशकाचं, एकच आवृत्ती निघून संपलेलं आत्मचरित्र मात्र बहुतेक नसतंच. दुसरा रकाना बुकगंगाचा. पुण्याची ही मंडळी मराठी ई-पुस्तकं मोठ्या संख्येने विकतात, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. म्हणजे मोबाईल किंवा टॅब लागतो, किंडलवर ती येत नाहीत.

तिसऱ्या रकान्यात बरंच काही आहे आणि पुष्कळांना त्याची कल्पना नसते. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं खुली ठेवली आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेलं लेखन सर्वांचं होतं. आपल्या दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची तेव्हा छापलेली पुस्तकं कोणीही मोकळेपणाने उतरवून घेऊ शकतो. मराठी विकिस्रोतावर तर अशी जुनी पुस्तकं टंकलेली मिळतात आणि ईपब म्हणून उतरवता येतात.

या ईपब शब्दाकडे मात्र लक्ष द्या, कारण तिसऱ्या रकान्यातलं बहुतेक धन पीडीएफ या दुसऱ्याच रूपात असतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच. अक्षर मोठं केलं की पान चौकटीबाहेर जातं, मग एकेक ओळ वाचायला बोटाने पान डावीउजवीकडे ओढत बसावं लागतं. ईपबमध्ये, किंवा किंडलवर विकत घेतलेल्या साध्या मजकुराच्या पुस्तकात, अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात आणि पान आपोआप बसतं. तुमच्या डोळ्यांना हवं आहे ते हे दुसरं. लहान ई-रीडरवर पीडीएफ वाचायचीच झाली तर यंत्र आडवं धरा, पान अर्धंअर्धं दिसतं आणि अक्षर निदान वाचण्याजोगं होतं. मी असं एक जुनं चरित्र वाचून काढलं आहे, पण रोज तसं वाचा असं सांगणार नाही.

विकत घेण्याआधी पुस्तकाचा नमुना फुकट उतरवता येतो, तो नेहमी उघडून बघा. 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, ते पहिल्या ओळीतच कळतं. हिंदी वळण असलं तरी वाचता येतं, पण आयुष्यभर फळ्यावर मराठी वळण गिरवून घेतलेल्या तुमच्या हाताला ते खटकेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द वेगळे दिसतात का ते पाहा. ज्या पुस्तकात डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झालेला असतो, तिथे इतर जोडाक्षरांचीही कोणी फारशी काळजी घेतलेली नसते. आणि कोणी प्रेमाने जुन्या फाइली पाठवल्या आणि उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसली, तर यंत्र बिघडलं असं समजू नका. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना अक्षरं सारखीच कळावीत अशी पद्धत, येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराचं तसं होतं.

आता यंत्राकडे वळते. नात म्हणते त्या टॅबमध्ये आणि ई-रीडरमध्ये मुळातला फरक उजेडाचा आहे. टॅब आणि मोबाईल पडद्याच्या मागून तुमच्या डोळ्यांवर उजेड टाकतात. ई-रीडरच्या पडद्यात शाईचेच कण असतात. काळ्या आणि पांढऱ्या, विजेचा भार असलेल्या कणांच्या अतिसूक्ष्म पुड्या, ज्यातले हवे ते कण वर खेचले जातात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती पान बदलताना. बाहेरचा उजेड पडून अक्षर दिसतं, कागदावर दिसतं तसंच. त्यामुळे भर दुपारी पडवीत किंवा अंगणात, जिथे मोबाईलवर आपलाच चेहरा दिसतो, तिथे ई-रीडर अधिक स्वच्छ वाचता येतो. जयगडहून तवसाळला येताना फेरीबोटीच्या उघड्या डेकवर मी हे कितीदा अनुभवलंय. रात्रीसाठी पडद्याच्या कडेला बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड पानावर पसरतो. मच्छरदाणीत, खोलीतला दिवा बंद करून, शेजारच्याची झोप न मोडता वाचता येतं. हा दिवा पिवळसर करता येतो ना, तेवढं घेताना विचारा. रात्री तो पिवळा उजेड फार सुखाचा वाटतो.

डोळ्यांबद्दल मी डॉक्टर नाही, तेव्हा अनुभवाचंच सांगते. कोणत्याही पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, ते ई-रीडरनेही टळत नाही. मोठा फायदा होतो तो अक्षराच्या आकाराचा. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते. अक्षर मोठं केलं की ६ इंची पडद्यावर जेमतेम आठ-नऊ ओळी मावतात आणि सारखं पान उलटत बसावं लागतं. म्हणून तुमच्यासाठी ७ इंचांच्या खालचा मी नकोच म्हणेन. पडद्याचा बारीकपणा इंचाला ३०० ठिपके असावा. जुन्या स्वस्त यंत्रांत तो १६७ असायचा आणि अनुस्वार, रफार त्यात पुसट वाटायचे. रंगीत पडद्याचे ई-रीडर हल्ली निघाले आहेत, त्यांच्या मोहात पडू नका. रंगांसाठी वरती जो थर दिलेला असतो त्याने पान करडं दिसतं, आणि मोतीबिंदूनंतर तुम्हाला हवं आहे ते पांढऱ्यावर ठळक काळं.

मोबाईलबद्दल तुमचे हे म्हणतात त्यात तथ्य आहे. बातमी आणि व्हॉट्सॲपवर आलेला लेख मोबाईलवरच ठीक. पण कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर असताना कोणाचा तरी सुप्रभात येतो, आपण तिकडे जातो आणि परत येतो तेव्हा ती माणसं कोण होती ते आठवावं लागतं. ई-रीडरमध्ये वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. मला त्याचं सर्वांत मोठं मोल तेच वाटतं.

लाईट जाण्याबद्दल मात्र मला थोडं थांबून लिहायचं आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी माहेरी, दापोली तालुक्यात अडकले होते. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोन तासांत घरावरची अर्धी कौलं गेली आणि वडिलांचं पुस्तकांचं कपाट होतं त्या माजघरात पाणी ओतल्यासारखं आत आलं. पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे. आमच्या वाडीत वीज यायला तीन आठवडे लागले. मोबाईल दुसऱ्या दिवशी संपले, रेंज तर नव्हतीच. माझ्या पिशवीत ई-रीडर होता, त्यात चाळीसेक पुस्तकं आधीच उतरवलेली. दिवा अगदी मंद ठेवून, रोज रात्री तासभर, मी आईला त्यातून मोठ्याने वाचून दाखवत असे. वर ताडपत्री फडफडायची, बाहेर बेडूक, आणि आई मध्येच म्हणायची, ते मागचं पुन्हा वाच. त्या एका चार्जवर आमचे सोळा दिवस निघाले. म्हणून कोकणात राहणाऱ्या माणसाला मी ई-रीडर घ्या असं सांगते तेव्हा बॅटरीचा आकडा मला जाहिरातीतून घ्यावा लागत नाही.

पण त्याच दिवसांत आम्ही वडिलांची भिजलेली पुस्तकं एकेक करून दोरीवर वाळत घातली होती. बरीच टिकली नाहीत. जी उरली त्यांच्या समासात वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, एका पुस्तकात माझ्या शाळेच्या फीची पावती आहे. ई-रीडरवरही खुणा करता येतात, मी करते, पण माझ्यानंतर त्या कोणी उघडून पाहील असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि १८६४ पासून चाललेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या हजारो पुस्तकांचा चिखल झाला. तेव्हा तुमची भीती मला कळते, फक्त ती मला उलट्या बाजूने वाटते. आपल्या हवेत कागद आपणहूनच हातातून सुटत असतो. जी पुस्तकं पुन्हा सहज मिळतील ती यंत्रावर गेली तर कपाटात जागा होते, आणि ज्यांत आपलं माणूस आहे त्या पुस्तकांना ऊन दाखवायला, झटकायला, कडुनिंबाचा पाला बदलायला हात मोकळे राहतात. माझ्याकडे आता शंभरेक कागदी पुस्तकं आहेत आणि ती मी पूर्वीच्या सहाशेंपेक्षा नीट सांभाळते.

एक गोष्ट स्पष्ट माहीत असू द्या. किंडलवर घेतलेलं पुस्तक आपण शेजारणीला वाचायला देऊ शकत नाही. पैसे भरून आपण वाचायचा परवाना घेतो. फेब्रुवारी २०२५ पर्यंत विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवता येत असे, ती सोय ॲमेझॉनने काढून टाकली. म्हणून जे पुस्तक नातीला द्यावंसं वाटेल ते कागदावरच घ्या. दिवाळी अंकही कागदावरच. दोन रकान्यांची मोठी पानं, चित्रं, व्यंगचित्रं, हे सगळं ७ इंचांत मरून जातं. वाचनालयाची वर्गणी तर चालू ठेवाच. गावातली वाचनालयं बहुतेक 'ड' वर्गातली, सभासद घटले की त्यांचं कठीण होतं.

आता निवड. तुमच्या यादीतली सहा किंवा जास्त पुस्तकं किंडलच्या रकान्यात पडली, तर ७ इंची किंडल पेपरव्हाइट घ्यायला सांगा, दुसरा विचार नको. तुम्ही कादंबऱ्या आणि अनुवाद जास्त वाचता, म्हणून असंच होईल असा माझा अंदाज आहे. बुकगंगाचा रकाना भरला तर किंडल तुमच्या उपयोगाचा नाही. मग अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर घ्यावा लागेल, ओनिक्स बूक्ससारखा, ज्यावर मोबाईलची ॲप बसवता येतात. तो महाग असतो, बॅटरी कमी दिवस पुरते आणि त्या शाईच्या पडद्यावर ॲपची पानं सरकताना अडखळतात. घेण्याआधी बिघडला तर दुरुस्त कुठे होईल ते विचारून घ्या. ते जमत नसेल तर नातीचा टॅब, पण १० इंची, आणि व्हॉट्सॲप त्यात न घालता. जुन्या पीडीएफच जास्त निघाल्या तरीही टॅबच बरा. आणि दहापैकी सात-आठ पुस्तकं कुठेच सापडली नाहीत, तर काहीच घेऊ नका. मुलाला चांगला चार्जिंगचा वाचनदिवा आणि पानभर भिंग आणायला सांगा. तेवढ्या पैशांत दोन्ही येऊन वर पुस्तकंही येतील.

यंत्र मुलाच्या खात्यावर नोंदवलेलं बरं. तो पुण्याहून पुस्तक विकत घेईल, तुमचं यंत्र नेटला जोडलं की ते उतरेल, आणि ओटीपी-बिटीपीच्या भानगडीत तुम्हाला पडावं लागणार नाही. घरात रेंज नसेल तर सड्यावर जाताना यंत्र बरोबर न्या आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पाच मिनिटं जोडा. साध्या मजकुराचं पुस्तक एखाद्या फोटोएवढंच असतं, लगेच येतं. मग नेट बंद करून टाका, बॅटरी वाचते. त्याने स्वतः मिळवलेल्या ईपब फाइलीही ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या सोयीने तुमच्या किंडलवर पाठवता येतात, हे त्याला सांगा.

राहिलं खारं वारं. माझा पहिला ई-रीडर तिसऱ्या पावसाळ्यात गेला. पडदा, बॅटरी ठणठणीत होती, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज चढला होता. कंपनीने ते वॉरंटीत बसवलं नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर तो रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, औषधांच्या बाटल्यांत आणि नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्यांसोबत. पेपरव्हाइट जलरोधक आहे, पण आकडे नीट समजून घ्या. गोड्या पाण्यात २ मीटर खोल तासभर, आणि समुद्राच्या पाण्यात फक्त पाव मीटर, ३ मिनिटं. पुळणीवर नेलात आणि लाटेचं पाणी लागलंच, तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. ओला असताना चार्जिंगला कधीही लावू नका. आणि जाडसर कव्हर पहिल्याच दिवशी घ्या, शाईचा पडदा दाबाने तडकतो. मांडीखाली आला की संपला.

गणपतीला अजून वेळ आहे. तोवर यादी करा. दहापैकी किती कुठे सापडली ते मला कळवा, आणि आकडा चार-पाचच्या आसपास अडकला तर ती दहा नावंच लिहून पाठवा. त्यातली दोन-तीन माझ्या कपाटात असतील, ती फेरीबोटीने तवसाळला पोचवायची व्यवस्था करते. उरलेल्यांचं दोघी मिळून बघू.